जुन्या हार्ड डिस्कवरचे विंडोजचे फोल्डर डिलीट होत नाहीत, 'ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी हवी' म्हणतो

मुलुंड_चेकनाका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून घरचा पीसी बदलला. नव्यात ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, त्यावर विंडोज ११. जुन्या पीसीतली १ टीबीची साटा हार्ड डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये लावली आहे, ती डी: म्हणून दिसते. डी: वर जुनं विंडोज, प्रोग्राम फाइल्स (दोन्ही), प्रोग्रामडेटा, युजर्स आणि त्याच्याही आधीचं विंडोज.ओल्ड असा सगळा संसार पडून आहे. शिवाय २८० जीबी फोटो-व्हिडिओ.

विंडोज फोल्डर डिलीट केला की 'ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी घ्या' येतं. प्रोग्रामडेटामधलं निम्मं जातं, निम्मं 'ॲक्सेस डिनाइड'. मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे. फोटो त्याच डिस्कवर असल्यामुळे फॉरमॅट करायचं नाहीये. नुसते हे फोल्डर कसे उडवायचे?

कांदेपोहे

घर तुमचं, डिस्क तुमची, वीजबिल तुमचं. परवानगी मात्र सेक्रेटरीची. मुंबईत राहून याचं आश्चर्य वाटतंय?

लोखंडी_डिस्क

आधी कारण बघा, म्हणजे पुढच्या कमांड अंधारात मारल्यासारख्या होणार नाहीत.

व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या सर्व्हिसकडे असते (सर्व्हिसेसच्या यादीत ती 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' नावाने दिसेल). ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला तिथे फक्त वाचायचा आणि चालवायचा हक्क. हे हक्क एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत), म्हणजे डिस्कवरच लिहिलेले असतात. त्यामुळे डिस्क कुठल्याही मशीनला लावा, तिथलं विंडोज ते इमानेइतबारे पाळतं.

युजर्समधल्या फोल्डरांचं दुखणं वेगळं. तिथे मालक तुमचं जुनं खातं आहे, आणि विंडोजच्या लेखी खातं म्हणजे नाव नव्हे, एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा. नव्या पीसीवर तेच नाव ठेवलंत तरी आकडा नवा. सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' दिसतं ते म्हणून.

आता कमांड. इथे वाचण्यापुरत्या देवनागरीत देतोय, टाइप रोमनमध्येच करायच्या. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर':

टेकओन /एफ "डी:\विंडोज" /ए /आर /डी वाय

मग

आयकॅकल्स "डी:\विंडोज" /ग्रँट ॲडमिनिस्ट्रेटर्स:एफ /टी /सी /क्यू

आणि शेवटी

आरडी /एस /क्यू "डी:\विंडोज"

दुसऱ्या कमांडचं स्पेलिंग आय-सी-ए-सी-एल-एस. पहिलीतला /ए मालकी तुमच्या एकट्याच्या खात्याऐवजी ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला देतो. /डी वाय नाही दिलं तर प्रत्येक बंद फोल्डरपाशी थांबून प्रश्न विचारत बसेल. दुसरीतला /सी म्हणजे एखाद्या फायलीवर अडलं तरी पुढे चालत राहा.

पुष्कळ जण टेकओन करून थेट डिलीट करायला जातात आणि पुन्हा तोच मेसेज बघून वैतागतात. टेकओनने मालकी मिळते, हक्क नाही. मालकाला हक्क बदलता येतात एवढंच, ते बदलायचं काम आयकॅकल्सचं.

शंकासुर

माऊसने होत नाही का हे? काळी खिडकी बघितली की घाम फुटतो.

लोखंडी_डिस्क

होतं. फोल्डरवर राइट क्लिक > प्रॉपर्टीज > सिक्युरिटी > ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'समोर 'चेंज', तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहून 'चेक नेम्स'. मग 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'वर टिक. ओके करून सगळ्या खिडक्या बंद करा आणि प्रॉपर्टीज पुन्हा उघडा. न बंद करता पुढे गेलात तर जुनेच हक्क दिसत राहतात. आता ॲडव्हान्स्डमध्ये 'ॲड', ॲडमिनिस्ट्रेटर्सना 'फुल कंट्रोल', आणि खालच्या 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज'वर टिक.

पण डिलीट मात्र आरडीनेच करा. एक्सप्लोरर आधी सगळ्या फायली मोजतो, मग रिसायकल बिनचा हिशेब करतो. लाखभर बारक्या फायली आणि फिरती डिस्क म्हटल्यावर तुमचा चहा होईल, आंघोळ होईल, तो अजून 'कॅल्क्युलेटिंग'वरच.

बिल्डिंगनं९

एवढं कशाला? टेकओन थेट 'डी:\' ला लावा, आयकॅकल्स पण. एका फटक्यात सगळी डिस्क मोकळी.

रात्रपाळी

@बिल्डिंगनं९, कृपा करून असलं काही सुचवू नका. आणि मुलुंडकर, तुम्ही हे केलं नसेल तर करू नका.

जुन्या सिस्टिम डिस्कवर काही 'फोल्डर' खरे फोल्डर नसतात, नुसत्या पाट्या असतात. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे जंक्शन आहे, ते 'सी:\युजर्स'कडे बोट दाखवतं. युजर्समधलं 'ऑल युजर्स' ही सिम्बॉलिक लिंक 'सी:\प्रोग्रामडेटा'कडे. 'डिफॉल्ट युजर' 'सी:\युजर्स\डिफॉल्ट'कडे. प्रत्येक खात्यातले 'माय डॉक्युमेंट्स', 'ॲप्लिकेशन डेटा', 'लोकल सेटिंग्ज' तसेच. बोट दाखवताना त्यात सी: हे अक्षर धरून पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. डिस्क डी: झाली म्हणून तो पत्ता बदलत नाही. म्हणजे डी: वरची पाटी आता तुमच्या चालू विंडोजकडे बोट दाखवतेय!

या पाट्यांवर मुद्दाम 'एव्हरीवन – डिनाय' लावलेलं असतं, म्हणून क्लिक केलं की ॲक्सेस डिनाइड येतं. ते बिघाड नाही, ते संरक्षण. /आर आणि /डी वाय देऊन सगळ्या डी: वर टेकओन फिरवलं की ते संरक्षण काढून टाकून आत शिरण्याचा धोका आहे, आणि आत म्हणजे सी: वर. चालू प्रोग्रामडेटाची मालकी बदलली की कुठली सर्व्हिस कधी रुसेल सांगता येत नाही.

विंडोज १० आणि ११ मधल्या टेकओनला /स्किपएसएल हा स्विच आहे, लिंकांच्या मागे न जाण्यासाठी. /आर सोबत तो द्याच. त्याहून चांगलं म्हणजे पाट्या आधी बघून घ्या:

डिर /एएल /एस "डी:\"

यात जंक्शन आणि सिमलिंकडी असं लिहून येतं, आणि चौकटी कंसात कुठे जातं तेही. आरडी नुसती (/एस न देता) त्या पाटीवर चालवली तर पाटी निघते, पलीकडचं काही जात नाही. आणि आरडी /एस सुद्धा जंक्शनच्या आत शिरत नाही, पाटी काढते आणि पुढे जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आरडी /एस /क्यू चालवा. जे जातंय ते जाऊ द्या. जे उरेल त्या नेमक्या फोल्डरवरच टेकओन आणि आयकॅकल्स. सरसकट नाही.

पेन्सिल

रात्रपाळी, हा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

विंडोज फोल्डर उडवायच्या आधी एक काम करा सगळ्यांनी. 'विंडोज\फॉन्ट्स' बघा. २०१० च्या आसपासची मराठी कागदपत्रं (पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, अर्ज) युनिकोडमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरचे श्री-देव मालिकेतले फॉन्ट, तसल्याच आयएसएमचे डीव्हीबी-टीटीसुरेख, डीव्हीबी-टीटीयोगेश, यातलं काहीतरी असेल. फॉन्ट गेला की फाइल उघडेल, पण अक्षरांच्या जागी 'कीबोर्डावर मांजर चाललं' असा मजकूर.

एक्सप्लोरर फॉन्ट्स फोल्डरला खास वागवतो, त्यामुळे तिथून ओढून घेण्यापेक्षा आधी 'सी:\जुनेफॉन्ट' फोल्डर बनवून कमांडने कॉपी बरी:

कॉपी "डी:\विंडोज\फॉन्ट्स\*.टीटीएफ" "सी:\जुनेफॉन्ट"

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फक्त एका खात्यापुरता बसवलेला फॉन्ट वेगळ्या जागी जातो: त्या खात्याच्या 'ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फॉन्ट्स'मध्ये. तिथेही डोकवा. मंगल, कोकिळा, अपराजिता यांची काळजी नको. नव्या विंडोजमध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतलं की ते येतात.

टक्स_परळ

एवढा खटाटोप बघून गंमत वाटते. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका, त्यावरून बूट करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. फाइल मॅनेजरमध्ये डी: उघडा, विंडोज फोल्डर निवडा, शिफ्ट-डिलीट. लाइव्ह लिनक्स ट्रस्टेडइन्स्टॉलरला ओळखतच नाही, एनटीएफएसचे हक्क तो तिथे विचारात घेत नाही.

रात्रपाळी

मान्य, पण पुढचं अर्धं तुम्ही सांगितलं नाहीत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं, एनटीएफएस ड्राइव्ह 'वापरात' अशा अवस्थेत राहतात. लिनक्स मग ते फक्त वाचण्यापुरतेच उघडतो, किंवा उघडायलाच नकार देतो. लोक इथे येऊन 'फोर्स'ची कमांड शोधतात आणि फाइल सिस्टिम खराब करून ठेवतात. विंडोजमध्ये परत जाऊन शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, पूर्ण बंद होतं. किंवा ॲडमिन सीएमडीत पॉवरसीएफजी /एच ऑफ.

दुसरं: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. तिसरं, आणि सगळ्यात घातक: लिनक्समध्ये सी: आणि डी: अशी नावं नसतात. आकार आणि लेबल बघून डिस्क ओळखायची. दोन्हीकडे 'विंडोज', 'युजर्स' असे सारखेच फोल्डर असताना चुकीच्या डिस्कवर शिफ्ट-डिलीट मारायला क्षण पुरतो, आणि अडवायला तो सेक्रेटरीही नाही.

टक्स_परळ

हो, ते बरोबर. लेबल आधी विंडोजमध्येच 'जुनी' असं काहीतरी ठेवून घ्या.

शंकासुर

माझं वेगळं आहे. अपग्रेडनंतर सी: वरच विंडोज.ओल्ड आलंय. त्यालाही टेकओन का?

लोखंडी_डिस्क

मुळीच नाही. सेटिंग्ज > सिस्टिम > स्टोरेज > टेंपररी फाइल्स, तिथे 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करून रिमूव्ह. नाहीतर क्लीनएमजीआर (डिस्क क्लीनअप) चालवून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'. काहीच केलं नाही तरी अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढतं. काढलं की मागच्या आवृत्तीवर जायचा रस्ता बंद, एवढं लक्षात ठेवा.

मुलुंडकरांच्या डी: वरचं विंडोज.ओल्ड या यादीत येणार नाही. ती यादी चालू विंडोजच्याच जुन्या प्रतीची असते.

बिल्डिंगनं९

सी: वरचं विनएसएक्सएस (विंडोजच्या घटकांचा साठा) पण १० जीबीच्या वर दाखवतंय. ते टेकओन करून…

रात्रपाळी

नाही.

लोखंडी_डिस्क

😀 रात्रपाळींच्या 'नाही'ला पुस्ती जोडतो. विनएसएक्सएसमधल्या बऱ्याच फायली आणि सिस्टिम३२ मधल्या फायली या एकाच माहितीला दिलेली दोन नावं आहेत, म्हणजे हार्ड लिंक. एक्सप्लोरर दोन्हीकडे आकार मोजतो, म्हणून फुगलेला दिसतो. खरा आकार बघायचा असेल तर

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /ॲनलाइझकंपोनंटस्टोअर

आणि साफ करायचं असेल तर शेवटचा स्विच बदलून /स्टार्टकंपोनंटक्लीनअप. यापलीकडे हात लावू नये. फोल्डर उडवला तर विंडोज उभंच राहणार नाही.

तसंच सी: वरचं रिकामं 'आयनेटपब'. एप्रिल २०२५ च्या अपडेटने ते बऱ्याच मशीनवर आलं आणि लोकांनी कचरा समजून काढून टाकलं. ते सुरक्षेच्या एका दुरुस्तीचा भाग आहे, काढू नका असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. रिकामं आहे, जागा खात नाही, राहू द्या.

कांदेपोहे

म्हणजे रिकामा फ्लॅट, पण विकायचा नाही.

वाडीबंदर

परवानगीशी काही संबंध नसतानाही फोल्डर जात नाहीत, ते प्रकारही इथे येऊ द्या.

फोल्डर उघडा आहे असं सांगतो, पण कोणी उघडलाय ते सांगत नाही. रेसमॉन (रिसोर्स मॉनिटर) चालवा, सीपीयू टॅब, 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधपट्टीत फोल्डरचं नाव टाका. कोण धरून बसलंय ते दिसेल. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टची जादा टूल्स) असेल तर राइट क्लिकमध्ये 'फाइल लॉकस्मिथ' तेच काम करतं. फार वेळा गुन्हेगार एक्सप्लोररची प्रिव्ह्यूची चौकट निघते, किंवा त्याच फोल्डरमध्ये उभी असलेली तुमचीच सीएमडी खिडकी.

जुन्या अँटिव्हायरसचा फोल्डर असेल तर तो स्वतःचं रक्षण करतो. त्या कंपनीचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये चालवा. सेफ मोडसाठी शिफ्ट धरून रीस्टार्ट > ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > स्टार्टअप सेटिंग्ज > रीस्टार्ट > ४.

डी: च्या मुळाशी आकडे-अक्षरांचं अगम्य नाव असलेला फोल्डर आणि आत एमआरटीस्टब नावाची फाइल? व्हायरस नाही. विंडोजचं मालवेअर काढायचं मासिक टूल चालताना सुटलेला उकिरडा आहे. खुशाल उडवा.

'द फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड', कोड ०x८००७०५७०: परवानगी गेली खड्ड्यात, फाइल सिस्टिम बिघडली आहे. चेकडिस्क डी: /एफ. पण थांबा, डिस्क खरखर करत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पिवळं दिसत असेल तर आधी डेटा काढा. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे तिला पळायला लावणं.

पेन्सिल

वनड्राइव्हचा जुना फोल्डर ०x८००७०१६ए देतो आणि हलत नाही, त्याचं काय?

वाडीबंदर

ते 'क्लाउड फाइल प्रोव्हायडर चालू नाही' असं म्हणतंय. आत खऱ्या फायली नाहीत, क्लाउडमधल्या फायलींच्या जागा राखलेल्या आहेत. वनड्राइव्ह चालू करून साइन इन करा, मग जातो. पण चालू वनड्राइव्हच्या फोल्डरमधून डिलीट केलं तर क्लाउडमधूनही जातं, फोनवरूनही. आधी तिथे काय आहे ते ब्राउझरमध्ये बघा.

निवांत

मराठी नावांच्या फोल्डरांचा एक त्रास राहिला. एक्सप्लोररची पूर्ण पत्त्याची मर्यादा २६० अक्षरांची आहे. मराठीत ही मर्यादा लवकर गाठली जाते, कारण काना-मात्रा-वेलांटी-हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'श्री' दिसायला एक अक्षर, मोजायला चार. 'श्री सत्यनारायण महापूजा निमंत्रण पत्रिका अंतिम' असे फोल्डर एकात एक गेले की 'डेस्टिनेशन पाथ टू लाँग', किंवा फाइल सापडतच नाही म्हणतो.

सोपा उपाय: वरच्या फोल्डरांना ए, बी, सी अशी एका अक्षराची नावं द्या, पत्ता आखूड होतो. नाहीतर ७-झिपच्या फाइल मॅनेजरमधून शिफ्ट-डिलीट. किंवा 'सी:\रिकामा' असा रिकामा फोल्डर बनवून

रोबोकॉपी "सी:\रिकामा" "डी:\लांबनाव" /मिर

/मिर म्हणजे उजवीकडचं डावीकडच्यासारखं करा. डावीकडे काही नाही, म्हणून उजवीकडचं सगळं जातं. दोन पत्त्यांची अदलाबदल होणार नाही याची काळजी घ्या.

सीएमडीत मराठी नावं चौकोन-चौकोन दिसत असतील तर नाव टाइप करायची गरज नाही. आरडी लिहून टॅब दाबत राहा, एकेक नाव आपोआप येतं. डिर /एक्स ने आठ अक्षरी आखूड नावं मिळतात, असतील तर तीही चालतात.

कांदेपोहे

आणि फोल्डरचं नाव 'ऑक्स' असेल तर?

निवांत

चेष्टेत विचारलंत, पण खरंच अडतं. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते ९, एलपीटी१ ते ९ ही नावं डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखलेली आहेत. मॅक किंवा लिनक्समधून कॉपी होऊन आली की विंडोजला ती काढता येत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असली तरी तेच. पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह, एक उलटी रेघ:

आरडी /एस "\\?\डी:\ऑक्स"

म्हणजे विंडोज नावाची तपासणी न करता जसंच्या तसं पुढे पाठवतं.

मुलुंड_चेकनाका

सगळ्यांचे आभार. डिर /एएल चालवलं, रात्रपाळी म्हणतात तसंच आहे, 'ऑल युजर्स' चक्क सी: कडे बोट दाखवतंय. मग आता एकेक फोल्डरवर आरडी, उरलेल्यावर टेकओन, हाच मार्ग ना?

लोखंडी_डिस्क

मूळ प्रश्नावर आलात तर खरं सांगू? तुमच्या परिस्थितीत मी हे काहीच करणार नाही. सहा फोल्डर, लाखो फायली, हक्कांची लढाई, आणि शेवटी डिस्कवर जुन्या बूट आणि रिकव्हरी पार्टिशनचे तुकडे उरणारच. २८० जीबी फोटो आहेत, एसएसडीवर तेवढी जागा निघेल. फोटो तिकडे घ्या, डिस्क पूर्ण पुसा, फोटो परत आणा.

युजर्समधून कॉपी करताना परवानग्या बदलायचीही गरज नाही:

रोबोकॉपी "डी:\युजर्स\जुनंखातं" "सी:\जुनं" /ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

/बी म्हणजे बॅकअप मोड, ॲडमिन सीएमडीत हक्कांना वळसा घालून वाचतो. /एक्सजे त्या पाट्या वगळतो. /आर आणि /डब्ल्यू द्याच, नाहीतर वाचता न येणाऱ्या एका फायलीवर तो दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करेल. हीच त्याची मूळ सेटिंग आहे, गंमत नाही. संपल्यावर तळाच्या तक्त्यात 'फेल्ड'च्या रकान्यात शून्य हवं. नावावर कुलूप दिसणाऱ्या ईएफएस (विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या) फायली अशा कॉपी केल्या तरी उघडत नाहीत, त्यांना जुन्या खात्याचं सर्टिफिकेट लागतं.

पुसण्याच्या वेळी फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्या.

वाडीबंदर

+१. लॅमिंग्टन रोडला साडेतीन इंची डिस्कची यूएसबी केसिंग घ्यायला गेलात तर १२ व्होल्टचा अडॅप्टर सोबत आहे ना बघून घ्या. अडीच इंची डिस्कची केसिंग नुसत्या यूएसबीवर चालते, साडेतीनची नाही.

रात्रपाळी

पुसायला मीही हो म्हणेन, पण एक गोष्ट तपासल्याशिवाय नाही. विंडोज ११ इन्स्टॉल करताना जुनी डिस्क जोडलेली होती का? असेल तर इन्स्टॉलर बरेचदा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकतो. विंडोज एसएसडीवर, किल्ली हार्ड डिस्कवर. डिस्क पुसली की पीसी चालूच होत नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी: समोर 'बूट' लिहिलेलं असेल. 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' कुठल्या डिस्कवर आहे ते बघा.

मुलुंड_चेकनाका

जोडलेलीच होती. डिस्क ० म्हणजे जुनी, तिच्यावर १०० एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन. डिस्क १ वर फक्त सी:.

रात्रपाळी

मग आधी हे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं सस्पेंड करा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते न विचारता चालू झालेलं असू शकतं. मग ॲडमिन सीएमडीत डिस्कपार्ट:

लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क १
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन (सी: चा जो आकडा असेल तो)
श्रिंक डिझायर्ड=२६०
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=एस
एक्झिट

लिस्ट डिस्कमध्ये डिस्क १ च्या समोर 'जीपीटी' (पार्टिशन मांडायची नवी पद्धत) या रकान्याखाली तारा हवा, नसेल तर पुढे जाऊ नका. मग

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

'सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पीसी पूर्ण बंद करा, प्लग काढा, जुन्या डिस्कची साटा केबल काढा आणि चालू करून बघा. एकट्या एसएसडीवर विंडोज आलं तरच पुढचं. न आलं तर बायॉसमध्ये एसएसडीवरचा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आणा.

आलं, की डिस्क परत जोडा. डिस्कपार्टमध्ये सिलेक्ट डिस्क आणि क्लीन. आकड्यावर विसंबू नका, केबल काढ-घाल केल्यावर ० आणि १ ची अदलाबदल होऊ शकते. ९३१ जीबीवाली तुमची जुनी.

शंकासुर

क्लीनने रिकव्हरी पार्टिशन पण जाईल ना? ती कुठे आहे हे कसं कळायचं?

रात्रपाळी

चांगला प्रश्न. रीएजंटसी /इन्फो चालवा. लोकेशनमध्ये 'हार्डडिस्क०' दिसलं तर रिकव्हरीही जुन्या डिस्कवर बसलीय. क्लीनच्या आधी रीएजंटसी /डिसेबल करा, त्याची फाइल सी: वर येते. डिस्क पुसून झाली की रीएजंटसी /इनेबल. सी: वर बिटलॉकर नसेल तर वेगळ्या पार्टिशनशिवायही ती सी: वरून चालते. नंतर पुन्हा /इन्फो करून 'इनेबल्ड' आलंय ना ते बघा, आणि बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर ते परत चालू करा.